बाळाचं वजन झालं, आता आईचं बीपीही बघा – सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागातले सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन

नमस्कार,

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते, माहेर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं, एका पतसंस्थेत नोकरी करते. मला एक मुलगी आहे. तिच्या जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात मला स्ट्रोक आला, आपल्याकडे ज्याला लकवा नाहीतर अर्धांगवायू म्हणतात तो. तेव्हा मी 29 वर्षांची होते, ना शुगर ना बीपी, नऊ महिने सगळे रिपोर्ट नॉर्मल. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. आज मी चालते, बोलते, नोकरी करते, हे पत्र एका हाताने का होईना पण स्वतः टाईप करतेय, म्हणून हे रडगाणं समजू नका. माझं एक मागणं आहे आणि ते पहिल्यांदाच सांगून टाकते. बाळंतपण डिस्चार्जच्या कागदावर संपत नाही. बाईची फाईल तिथे बंद करू नका.

आता झालं काय ते सांगते. सिझर झालं होतं, चौथ्या दिवशी माहेरी आले. एप्रिल महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल, बेदाण्याच्या शेडवर लोक दुपारी काम थांबवतात असं ऊन. आणि मी आतल्या खोलीत, कानाला स्कार्फ, खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओवा-बाळंतशेपाची धुरी. पाणी मोजून मिळायचं, तेही कोमट, कारण बाळंतिणीने जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आईने, आजीने जीव ओवाळून टाकला माझ्यावर, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्री-बेरात्री बाळ घेणं, कशात म्हणून कमी केलं नाही. मायेत कमी नव्हतीच, माहितीत होती आणि ती घरोघरी पोचवणं हे तुमच्या खात्याचं काम आहे.

आठव्या-नवव्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. फोनवर विचारलं तर सांगितलं की सिझरला पाठीत इंजेक्शन देतात त्याचं दुखणं आहे, होतं असं, चहा-कॉफी घ्या, पडून राहा. आता त्या इंजेक्शनने डोकं दुखतं हे खरंच आहे, पण ते दुखणं उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. माझं बरोबर उलटं होतं, आडवं झालं की कवटी फुटेल असं व्हायचं म्हणून मी रात्रभर भिंतीला टेकून बाळाला मांडीवर घेऊन बसायचे. हा एक प्रश्न कुणी विचारला असता, "ताई, झोपल्यावर वाढतं की बसल्यावर?", तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला आजही वाटतं. मग डोळ्यांसमोर अंधुक यायला लागलं, उलट्या झाल्या, तेव्हा घरात कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं वारं लागलं, शेजारच्या काकूंनी नजर उतरवली. आशाताई त्याच दरम्यान येऊन गेल्या, फार चांगली बाई, बाळाचं वजन केलं, ताप बघितला, नाळ बघितली, मला विचारलं दूध येतंय का, मी हो म्हटलं, त्यांनी फॉर्म भरला. माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या वजनाचे सगळे आकडे आहेत. बाळंतिणीच्या बीपीचा रकाना कोरा आहे. त्या ताईंना मी दोष देत नाही, त्यांच्या पिशवीत वजनकाटा होता, थर्मामीटर होता, बीपीचं मशीन नव्हतं.

दोन दिवसांनी बाळाला पाजताना उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला आणि पुढचं मला आठवत नाही. दादाने गाडी काढली. पहिल्या ठिकाणी झटक्याचं इंजेक्शन देऊन ठेवून घेतलं, टेन्शनमुळे झालंय म्हणाले, सकाळपर्यंत उजवी बाजू पडली होती. मग दादाने कुणाचं ऐकलं नाही, सरळ मिरजेला नेलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज, माझ्या पणजोबांच्या वेळेपासून. तिथे एमआरआय केला आणि त्यासोबत शिरांचाही फोटो काढला, त्याला व्हेनोग्राफी म्हणतात, आणि तासाभरात निदान झालं. मेंदूतून रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. मोरी तुंबली की पाणी जसं मागे घरात फुगतं तसं रक्त मागे फुगून मेंदूला सूज आणि थोडा रक्तस्राव. डॉक्टर त्याला सीव्हीटी म्हणतात.

तिथल्या न्यूरोच्या मॅडमनी मिस्टरांना समजावून सांगितलं की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईचं रक्त मुळातच लवकर गोठतं, डिलिव्हरीत जास्त रक्त जाऊ नये म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय आहे. त्यात सिझर, त्यात अंगात रक्त कमी, त्यात पाणी कमी, त्यात उन्हाळा आणि शेगडीचा घाम, त्यात दिवसभर पडून राहणं, असं सगळं एकावर एक साचत गेलं की गाठ व्हायला वेळ लागत नाही. आपल्या देशात तरुण बायकांना होणाऱ्या स्ट्रोकमध्ये हे कारण डॉक्टरांना वर्षानुवर्षं माहीत आहे. पुस्तकांत आहे, कॉन्फरन्समध्ये आहे. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर मात्र नाही. तिथे लसीकरणाचं वेळापत्रक आहे, स्तनपानाचं पोस्टर आहे, कुटुंब नियोजनाचं आहे. "बाळंतिणीचं डोकं सतत दुखत असेल, अंधुक दिसत असेल, फिट आली, एक हात-पाय जड झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर लगेच 108 ला फोन करा" एवढं एक वाक्य लिहिलेलं कुठेही नव्हतं.

आणि सगळ्यांना माझ्यासारखाच स्ट्रोक येतो असं नाही, कुणाचं बीपी डिलिव्हरीनंतर घरी गेल्यावर वाढतं आणि मेंदूत रक्तस्राव होतो. पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलेली बाई डिलिव्हरी झाली की "आता सुटलीस" म्हणून घरी पाठवली जाते, पण बीपी डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या आठवड्यातही उसळी मारतं, हे कुणी सांगत नाही. पाठवताना पुन्हा कधी तपासायचं ते तिच्या हातात लिहून द्या.

आता जरा आकड्यांत बोलते कारण तुमच्याकडे आकड्यांत बोललं की ऐकलं जातं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 16 लाखांहून जास्त बाळंतिणींच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रक्ताच्या गाठींमुळे होणाऱ्या आजारांचा, म्हणजे स्ट्रोक, हार्ट अटॅक, शिरेतली गाठ या सगळ्यांचा मिळून धोका बाळंतपणानंतर पहिल्या 6 आठवड्यांत सुमारे दहा पटींनी वाढलेला असतो आणि पुढे 7 ते 12 आठवड्यांतसुद्धा तो दुपटीच्या आसपास राहतो. म्हणजे 3 महिने. आणि आपल्या व्यवस्थेत काय आहे? दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आशाताईच्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. त्यानंतर पुढची घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात आणि ती तर मुख्यतः बाळासाठी. सव्वा महिना झाला की बाई घरच्यांसाठी पण बरी झालेली असते, ती ओटी भरून सासरी जाते आणि त्याच सुमाराला सरकारच्या कागदावरूनही उतरते.

पण गंमत बघा, नाही, गंमत नाही म्हणणार, संधी म्हणते. ही बाई तुमच्याकडे येतच असते हो! बाळाच्या लसी 6 आठवड्यांना, 10 आठवड्यांना, 14 आठवड्यांना असतात. आपल्याकडे लस चुकवणारी आई विरळा, ऊन असो पाऊस असो ती बाळाला कपड्यात गुंडाळून उपकेंद्रावर नाहीतर अंगणवाडीत येते, रांगेत बसते. तिथे सिस्टर असते, टेबल असतं, बहुतेक ठिकाणी बीपीचं मशीनही असतं कारण त्याच दिवशी गरोदर बायकांची तपासणी असते. बाळाला लस टोचल्यावर अर्धा तास थांबवतात ना, त्या अर्ध्या तासात आईच्या दंडाला पट्टा बांधा. दोन-चार प्रश्न विचारा, डोकं दुखतं का, झोपल्यावर वाढतं का, दिसायला अंधुक होतं का, हातापायात मुंग्या किंवा जडपणा आहे का, पोटरी सुजून दुखते का. बाळाच्या कार्डाशेजारीच आईचा रकाना भरा. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही, वेगळा दिवस लागत नाही, वेगळी योजना आणि तिचं उद्घाटन तर अजिबातच लागत नाही. सहाव्या आठवड्यापासून पुढचा धोक्याचा काळ या तीन लसींमध्ये झाकला जातो. मला हे लसीच्या रांगेत बसूनच सुचलं, मिस्टरांनी बाळ धरलं होतं आणि मी काठी टेकून बाकावर बसले होते आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या, कुणाकडेही कुणी बघत नव्हतं.

पहिल्या 42 दिवसांच्या भेटींसाठी आशाताईंना डिजिटल बीपी मशीन द्या आणि वापरायला शिकवा. आणि काम वाढवाल तर मोबदलाही वाढवा. या सगळ्या घरभेटी मिळून वर्षानुवर्षं 250 रुपये मिळायचे त्यांना, त्याच पिशवीत अजून एक मशीन आणि अजून एक फॉर्म कोंबून तेवढ्यावरच राबवणार असाल तर तो फॉर्म घरी बसून भरला जाईल आणि त्यात चूक त्यांची नसेल.

दुधाबद्दल पण लिहिते कारण ह्यात फार बायकांचं नुकसान होतं. मी आयसीयूत होते, बाळ बाहेर आईकडे. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली तसं दोन-तीन जणांनी सांगून टाकलं की आता पाजायचं नाही, दूध तोडायच्या गोळ्या द्या. मॅडमनी थांबवलं, म्हणाल्या हेपॅरिन आणि वॉरफॅरिन चालू असताना पाजता येतं, त्याने बाळाला त्रास होत नाही, दुसरी औषधं लागली तर आपण बघून देऊ. मग एक सिस्टर रोज दूध काढायला मदत करायची आणि वॉर्डात आल्यावर डाव्या कुशीवर झोपवून उशा लावून बाळ माझ्याजवळ ठेवायची. त्या वेळी माझ्या शरीरात माझ्या मनासारखी चालणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. ज्या बायकांना असं सांगणारं कुणी भेटत नाही त्यांचं दूध विनाकारण तुटतं. त्यामुळे कोणत्या औषधात पाजायचं आणि कोणत्यात नाही याची मराठीतली एक साधी यादी तुमच्या प्रत्येक प्रसूती वॉर्डात लावा.

बाराव्या दिवशीचं बारसं राहिलं ते राहिलंच. पण त्या निमित्ताने जी कुजबुज सुरू झाली ती मी विसरणार नाही. "पोरीचा पायगुण." माझ्या पंधरा-वीस दिवसांच्या लेकीबद्दल. मला बोलता येत नव्हतं पण समजत सगळं होतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही, बोलणं गेलं की माणूस बहिरा आणि बुद्धीने कमी झाला असं धरूनच खोलीत बोलतात. शेवटी मॅडमनीच सासूबाईंना आणि आईला एकत्र बसवलं, कागदावर मेंदू काढला, शीर काढली, गाठ काढली, म्हणाल्या आजी, ह्याचा मुलीशी काही संबंध नाही, उद्या मुलगा झाला असता तरी हेच झालं असतं. सासूबाईंनी तो कागद घडी घालून देवघरात ठेवला होता, येईल त्याला दाखवायच्या. माझ्या लेकीच्या कपाळावरचा तो शिक्का त्या एका कागदाने पुसला. हे औषधाइतकंच गरजेचं काम आहे पण ते कुठल्याच पॅकेजमध्ये नाही आणि डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत असतं, घरच्यांना त्यातलं फक्त नाव आणि बिल कळतं. मराठीत एक पान लिहून द्या, काय झालं, कशामुळे झालं, कुणामुळे झालं नाही.

आता त्यानंतरचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऍडमिट असतानाच्या उपचाराला आधार मिळतो, त्याबद्दल मनापासून आभार. पण स्ट्रोकचं खरं काम घरी आल्यावर सुरू होतं आणि तिथे मात्र ज्याचं त्याने बघायचं. रोजची फिजिओथेरपी, हातासाठी ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्यासाठी स्पीच थेरपी, पायाला टाच-घोट्याची पट्टी. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या 3 ते 6 महिन्यांत होते असं सगळेच सांगतात आणि नेमके तेच महिने बाई खोलीत बाळंतीण म्हणून असते, छोटं बाळ अंगावर, थेरपी शहरात, घरातला पुरुष कामावर. माझ्या माहेरापासून थेरपीला जायचं म्हणजे एसटी, मग रिक्षा, बाळाला घेऊन आई बरोबर, दुपारचा पाजायचा वेळ रस्त्यात. माझ्या घरच्यांनी ते निभावलं कारण दादाकडे गाडी आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करावं?

लंगोट बांधणं ही साधी गोष्ट घ्या. आमच्याकडे सुती त्रिकोणी लंगोट, त्याला नाड्या. एका हाताने नाडी बांधता येत नाही, करून बघा. मी दातात एक टोक धरायचे आणि डाव्या हाताने दुसरं, तोवर बाळ पाय झाडून मोकळं. आईने सगळ्या लंगोटांच्या नाड्या उसवून जुन्या चपलेची नाही हां, दुकानातून आणलेली वेल्क्रोची पट्टी शिवली, झबल्यांना पण तीच. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाळाचा लंगोट कुणाच्या मदतीशिवाय बदलला. मग आमच्या फिजिओ ताईंनी तेच धरून ठेवलं, म्हणाल्या आता बॉल दाबायचा, पेग लावायचे हे व्यायाम बाजूला ठेवा, तुमच्या हाताला बाळाचीच कामं देऊ. उजव्या हाताने नुसतं लंगोटाचं टोक दाबून धरायचं, पकडायचं नाही, फक्त वजन ठेवायचं. मग तेलाची वाटी. मग पावडरचा डबा. मेंदूला खऱ्या कामाची सवय लावली तर तो नवीन वाटा काढतो असं त्यांनी सांगितलं आणि माझ्या बाबतीत ते झालं, अंगठा आधी हलला तो बाळाचं टोपरं पुढे ओढताना. बाळाला उभ्याने घ्यायचं नाही, जमिनीवर सतरंजी टाकून बसूनच सगळं करायचं, कारण फिट येण्याची भीती होती आणि पाय घसटायचा. आंघोळ मी एकटीने घालायची नाही. पुढे कडेवर घ्यायला जमलं तरी ते डाव्याच बाजूला आणि भिंतीशेजारून चालायचं. दुसऱ्याने उचलताना माझा उजवा हात ओढायचा नाही, खांद्याचा सांधा सैल झालेला असतो आणि ओढला की निखळतो, हे तर प्रत्येक घराला शिकवायला पाहिजे कारण सगळेच मायेने हात धरून उठवतात. या गोष्टी मला एका चांगल्या थेरपिस्टमुळे कळल्या, नशिबाने. अशा सूचनांचं चित्रांसकट एक छोटं पुस्तक तुमच्या खात्याने काढलं तर शेकडो घरांना उपयोग होईल, मजकूर तयार करायला मी फुकट मदत करेन.

बोलण्याचं वेगळंच असतं. मला पाणी पाहिजे हे सांगता यायचं नाही, पण संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की माझ्या तोंडून पूर्ण आरती यायची, एकही शब्द न अडता. घरचे रडायला लागायचे, मग आरती संपली की पुन्हा तोंडातून काहीच नाही. स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की पाठ असलेलं, तालात असलेलं बोलणं बऱ्याचदा वाचतं, वार, पाढे, आरत्या, त्यावरूनच पुढे जायचं. पण त्यांच्याकडची चित्रांची कार्डं, झेब्रा, सफरचंद, अग्निशामक गाडी, आणि खाली इंग्रजी. मला झेब्रा कशाला लागणार घरात? वहिनीने मोबाईलवर घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले, परात, सूप, झोळी, वरवंटा, दुधाची वाटी, आजीचा चष्मा, आणि त्यावर सराव सुरू केला तेव्हा शब्द यायला लागले. माझे पहिले शब्द आमच्याकडच्या बोलीतले आले, पुस्तकातले नाही. स्पीच थेरपीचं साहित्य आपल्या मराठीत, आपल्या वेगवेगळ्या बोलींत पाहिजे. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग संस्था आहे, हाजीअलीला पुनर्वसनाची मोठी केंद्रीय संस्था आहे, नावाजलेल्या आहेत, त्यांच्या मदतीने हे साहित्य तयार होऊ शकतं. जत, आटपाडी, गडहिंग्लजच्या बाईला बाळ घेऊन मुंबईला जा म्हणू नका, तिथलं ज्ञान इकडे आणा.

आणि एक सोपी गोष्ट सुचवते. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी तुमचीच शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, डीईआयसी म्हणतात ती. त्यांच्या पदांमध्ये फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट धरलेले आहेत, पण ते मुलांसाठी. बाळंतपणामुळे स्ट्रोक आलेल्या आईला त्याच केंद्रात आठवड्यातून ठराविक वेळ द्यायचा आदेश काढता येणार नाही का? बाळ तिच्यासोबत असणारच आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात डिलिव्हरी मोफत, बाळाला एक वर्षापर्यंत उपचार मोफत, ने-आण मोफत. त्याच कार्यक्रमात अशा आईची वर्षभराची थेरपी आणि थेरपीपर्यंतची गाडी घाला. अशा बायका लाखांनी नसतात, खर्चाने तिजोरी रिकामी होणार नाही, पण जिच्या वाट्याला येतं तिचं आणि तिच्या बाळाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वर्षावर ठरतं.

औषधांबद्दल थोडंच. वॉरफॅरिन चालू असताना रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी सारखी करावी लागते, माझ्यासारखीला ती 2 ते 3 च्या मध्ये ठेवायची होती. घरी बाळंतीण म्हणून रोज मेथी, शेपू, मग मध्येच कुणीतरी सांगितलं पालेभाजी बंद, की आयएनआर एकदम वर, पुन्हा सुरू केली की खाली. खरं तर भाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात करून मिळाली आणि डोस फोनवर सांगायची सोय झाली तर बायका मध्येच गोळी सोडणार नाहीत. बऱ्याच जणी सोडतात, कारण दर वेळी एक दिवस आणि एक मजुरी जाते.

आणि हे मात्र कृपा करून आजच्या आज खाली कळवा. काही महिन्यांनी कुटुंब नियोजनासाठी मला माला-एन गोळ्यांचं पाकीट देण्यात आलं, अगदी चांगल्या हेतूने. त्यात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं आणि माझ्यासारखा त्रास झालेल्या बाईने अशी गोळी घ्यायचीच नसते, पुन्हा गाठ होऊ शकते. मॅडमनी आधीच बजावलं होतं म्हणून मी नाही म्हटलं आणि तांबी बसवून घेतली. जिला कुणी बजावलं नाही ती घेणार. ज्या कार्डावर रक्तगट लिहिता त्याच कार्डावर लाल अक्षरात लिहा की या बाईला इस्ट्रोजेनची गोळी द्यायची नाही. आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं, तेव्हा गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शनं लागतात. दुसरं मूल होऊच शकत नाही असं सांगून कितीतरी जणींचे संसार उगाच मोडायला येतात, तेही खरं नाही, काळजी घेऊन होऊ शकतं.

नोकरीचं तुमच्या खात्यात येत नाही हे कळतं, पण सर्टिफिकेट तुमच्याकडूनच मिळतं म्हणून लिहिते. बाळंतपणाची रजा 26 आठवडे आणि बाळंतपणातून आलेल्या आजारपणासाठी कायद्याने वर एक महिना. एका महिन्यात स्ट्रोकमधून कुणी उभं राहत नाही. माझ्या पतसंस्थेने सांभाळून घेतलं, सगळ्या तसं करत नाहीत. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी गेले तेव्हा अजून सुधारणा होतेय, नंतर या असं सांगितलं, पण मदतीची गरज तर सुधारणा होत असतानाच असते ना. तात्पुरतं सर्टिफिकेट देता येतं, ते अशा आईला आपणहून द्या. बाहेरून मी आता धडधाकट दिसते, तरी थकवा जो येतो तो झोपून जात नाही, दुपारी तीन-चारनंतर शब्द सापडत नाहीत, वाक्य अर्ध्यात तुटतं आणि पेनाची पकड सुटते. रात्री बाळ उठवतं ते वेगळंच. याला आळस म्हणतात घरोघरी. एखाद्या सरकारी कागदावर "स्ट्रोकनंतरचा थकवा" असे शब्द छापलेले असते तर कितीतरी सुनांची बोलणी वाचली असती.

चांगलं पण सांगते, या प्रकारच्या स्ट्रोकमध्ये वेळेत निदान आणि उपचार झाले तर पाचातल्या साधारण चार जणी चांगल्या बऱ्या होतात. बाकीच्या स्ट्रोकच्या मानाने हा आकडा मोठा आहे. म्हणूनच राग येतो. बरा होणारा आजार आहे, तरुण बाई आहे, मागे दूधपितं बाळ आहे आणि ती "वारं लागलं" म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पुढचा आराखडा तुम्ही बनवाल तेव्हा लसीच्या दिवशी आईची तपासणी, आशाताईंना बीपी मशीन आणि त्याचा मोबदला, आईची वर्षभराची थेरपी, आणि कार्डावरची ती लाल सूचना, एवढं त्यात घ्या. प्रश्न मराठीत कसे विचारायचे, बाई कोणत्या शब्दांत उत्तर देते, कोणत्या शब्दांत त्रास लपवते, हे ठरवताना आमच्यापैकी कुणालातरी समोर बसवा. मी यायला तयार आहे, सांगली, मिरज, पुणे, मुंबई कुठेही, मिस्टर आणि लेक बरोबर असतील. फक्त मीटिंग सकाळची ठेवा.

आपली,
सांगली जिल्ह्यातली एक माहेरवाशीण, एका मुलीची आई